लेहला कधी जायचं? आधी वाट ठरवा, मग महिना

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि पासष्टीची आई. हाताशी आठ-नऊ दिवस. लडाखमधलं लेह, नुब्रा खोरं आणि पँगाँग तलाव हे सगळं बघायचं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत जावं, पावसाळ्यात की दिवाळीत? आणि विमानाने जावं की रस्त्याने?

आधी उत्तर देतो, कारणं मग. या चौघांसाठी सगळ्यात चांगला काळ सप्टेंबरचा, साधारण ५ ते २५ तारखेच्या मधला. शाळा बुडवायची नसेल तर जूनचे पहिले दोन आठवडे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर पैसे तेवढेच लागतील आणि लडाख अर्धाच दिसेल. दिवाळीचं उत्तर दिवाळी कोणत्या तारखेला येते त्यावर आहे, त्याकडे शेवटी येऊ.

बहुतेक लोक महिना ठरवताना फक्त तापमानाचा तक्ता उघडतात. जुलैत दिवसा २५ अंश, जानेवारीत रात्री उणे १५. म्हणजे जुलै चांगला, असं गणित मांडतात. लेहच्या बाबतीत हे गणित अपुरं पडतं. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या जवळपास दोन-तृतीयांश, म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. थंडीवर स्वेटर चढवता येतो, विरळ हवेवर असा उपाय नाही; शरीराला वेळ द्यावाच लागतो. तो वेळ तुम्ही कोणत्या वाटेने चढता यावर मिळतो किंवा मिळत नाही, आणि कोणती वाट उघडी असेल हे महिना ठरवतो. म्हणून आधी वाटांकडे पाहू.

तीन वाटा, तीन प्रकारची चढण

श्रीनगरची वाट सुमारे ४२० किलोमीटरची. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, सोनमर्ग २,७०० च्या पुढे, मग ३,५२८ मीटरची झोजी ला (ला म्हणजे खिंड), द्रास, आणि कारगिल पुन्हा २,७०० च्या आत. दुसऱ्या दिवशी ४,१०८ मीटरची फोटू ला ओलांडून, लामायुरू-आलची करत लेह. या वाटेची गंमत अशी की दिवसा उंच चढता पण रात्री झोपता खाली. श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल असे तीन मुक्काम केले की चौथ्या रात्री लेहला शरीर बऱ्यापैकी तयार असतं. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर हीच वाट सगळ्यात सोयीची.

मनालीची वाट दिसायला जास्त देखणी, शरीराला मात्र कठीण. मनाली २,०५० मीटर. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा त्रास संपला. पण बोगदा फक्त पहिली खिंड चुकवतो. पुढे बारालाचा ला सुमारे ४,९०० मीटर, लाचुलुंग ला ५,००० च्या वर आणि तांगलांग ला सुमारे ५,३०० मीटर आहेतच. आणि मधला प्रसिद्ध तंबूंचा मुक्काम सरचू, तो ४,३०० मीटरच्या जवळ, म्हणजे लेहपेक्षा आठशे मीटर उंच. मनालीहून निघून दुसऱ्याच रात्री सरचूला झोपणं ही या वाटेवरची सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. डोकं ठणकतं, उलट्या होतात, रात्रभर डोळा लागत नाही, आणि जवळपास खाली उतरायला जागा नसते. दोन्ही बाजूंना खिंडीच. मनालीकडून जायचंच असेल तर जिस्पाला (३,२०० मीटर) दोन रात्री काढा आणि तिथून पहाटे चार-साडेचारला निघून एका दमात लेह गाठा. दिवस लांब होतो, पण झोप ३,५०० वर मिळते.

तिसरी वाट आकाशातली. दीड तासात दिल्लीहून लेह. यात उंचीची सवय व्हायला एक मिनिटही मिळत नाही, म्हणून ती वसूल लेहमध्ये करावी लागते: उतरल्यापासून पूर्ण ४८ तास काहीही करायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात सावकाश चक्कर, एवढंच. हे ४८ तास मे असो वा डिसेंबर, कमी होत नाहीत. आठ दिवसांच्या सहलीतले दोन दिवस असे गेले तर वाईट वाटून घेऊ नका, पुढचे सहा त्यांच्यावरच उभे असतात.

आता या तीन वाटांवर कॅलेंडर ठेवून पाहा. श्रीनगरने आत आणि मनालीने बाहेर हा सगळ्यात चांगला मार्ग, कारण उंच मुक्काम शेवटी येतात आणि तोवर शरीर सरावलेलं असतं. त्यासाठी दोन्ही रस्ते उघडे हवेत. मनालीचा रस्ता साधारण मेमध्ये कधीतरी खुला होतो, पण नियमित चालू म्हणावा असा जूनमध्ये. ऑक्टोबरच्या मध्यानंतर भरवसा नाही. म्हणजे जून ते सप्टेंबर. यातून जुलैचा मध्य ते ऑगस्टचा शेवट वजा करा, कारण तेव्हा हिमाचलात पावसाळा असतो. उरतात जून, जुलैचा पहिला आठवडा आणि सप्टेंबर.

पावसाळ्याबद्दलचा गैरसमज

'लडाख पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस नसतो, म्हणून पावसाळ्यात जावं' हे अर्धं खरं आहे. लेहला वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. मोसमी ढग हिमालयाची मुख्य रांग ओलांडेपर्यंत रिकामे झालेले असतात. पण लेहला पोहोचायच्या दोन्ही वाटा त्या रांगेच्या ओल्या बाजूने सुरू होतात. मंडी ते मनाली हा पट्टा जुलै-ऑगस्टात दरडींचा. जुलै २०२३ मध्ये ब्यास नदीच्या पुराने याच पट्ट्यात रस्त्याचे तुकडे वाहून गेले. झोजी लाच्या अलीकडची, काश्मीरमधल्या सिंध नदीच्या खोऱ्याची बाजूही पावसात निसरडी होते. शिवाय जुलै-ऑगस्टात अमरनाथ यात्रा असते. तिचा बालताल तळ सोनमर्गजवळच असल्याने त्या काळात रस्त्यावर ताफ्यांच्या वेळा पाळाव्या लागतात आणि सोनमर्गला खोली मिळणं अवघड होतं.

खुद्द लडाखातही पाऊस क्वचित येतो, पण आला तर जमिनीला तो झेपत नाही. उघडे, मातीचे डोंगर, झाडं नाहीत, पाणी धरून ठेवायला काही नाही. ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री लेहमध्ये ढगफुटी झाली, चिखलाचे लोंढे गावात शिरले आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. दरवर्षी असं होतं असा याचा अर्थ नाही. पण ऑगस्टात नाल्याच्या पात्रात, नदीकाठच्या सखल पट्टीत लावलेल्या तंबूत मुक्काम करू नका. खोली उंचवट्यावरची घ्या.

पावसापेक्षा रोजचा प्रश्न असतो वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्याचा. जुलै-ऑगस्टात रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळी आणि दुपारी दोन वेगळे नाले असतात. सकाळी सातला दगडांच्या कडेला बर्फाचा पातळ पापुद्रा असतो, पाणी घोट्याएवढं आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ. दुपारी तीनला तेच पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, गुडघ्याला लागणारं, आणि तळाचे गोटे सरकताना आवाज येतो. वरची हिमनदी दिवसभर तापते, तिचं पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात, म्हणून दुपार ते संध्याकाळ लोंढा सर्वात मोठा. म्हणून पँगाँगहून किंवा श्योक नदीकाठच्या रस्त्याने निघायचं तर सकाळी सहा-साडेसहाला. मोटारसायकलवाल्यांनी तर हा नियम मोडूच नये. दुपारच्या पाण्यात तळ दिसत नाही आणि पुढचं चाक गोट्यावर चढलं की गाडी आडवी.

जुलै-ऑगस्टाचं आणखी एक सहसा कोणी सांगत नाही. विमान बर्फाने रद्द होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते उन्हानेही रद्द होतं. लेहची धावपट्टी ३,२०० मीटरच्या वर आहे. हवा आधीच विरळ, तापली की आणखी विरळ, आणि मग पंखांना पुरेसा आधार मिळत नाही. यामुळेही लेहची बहुतेक उड्डाणं सकाळी असतात. जुलै २०२४ च्या शेवटी लेहमध्ये पारा नेहमीपेक्षा बराच चढला तेव्हा काही दिवस विमानं रद्द करावी लागली होती.

एवढं असूनही जुलै-ऑगस्ट कोणासाठी? पदभ्रमण करणाऱ्यांसाठी. मारखा खोऱ्यासारख्या वाटा, जिथे ५,२०० मीटरवरची खिंड ओलांडायची असते, तिथे याच काळात वरचं बर्फ गेलेलं असतं आणि रात्रीची थंडी तंबूत सोसवते. झंस्कार नदीतलं राफ्टिंगही याच मोसमातलं. जर्दाळू झाडावरून तोडून खायचा असेल तर तोही जुलै-ऑगस्टातच. यातलं काही करायचं असेल तर विमानाने या, विमानानेच जा, आणि दोन्ही बाजूंचे रस्ते टाळा.

मे आणि जून: 'रस्ता खुला झाला' या बातमीचा अर्थ

झोजी ला पूर्वी हिवाळ्यात चार-पाच महिने बंद राहायची. अलीकडच्या वर्षांत सीमा सडक संघटना, म्हणजे बीआरओ, महिना ते अडीच महिन्यांतच बर्फ कापून ती पुन्हा चालू करते आणि मार्च-एप्रिलात 'खिंड खुली' अशी बातमी येते. ती वाचून लोक तिकिटं काढतात. खुली म्हणजे सुरुवातीला काय, तर ठरावीक तास, एका वेळी एकाच दिशेने, पुष्कळदा फक्त फोर-व्हील ड्राइव्ह असलेल्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांना. दुतर्फा बर्फाच्या भिंती. दिवसा त्या वितळून रस्त्यावर चिखल होतो आणि रात्री तेच पाणी गोठून काचेसारखा थर बसतो. मनालीच्या वाटेवर तर खिंड खुली झाल्यावरही सरचू, पांगचे तंबू आणि चहाचे ठेले दोन-तीन आठवडे उभे राहिलेले नसतात. गाडी बिघडली तर आसरा नाही. म्हणून 'खुलं झालं' या तारखेत किमान तीन आठवडे मिळवा, मग आरक्षण करा.

मेच्या पूर्वार्धात लेह गाव छान असतं, दिवसा पंधरा-सोळा अंश, रात्री शून्याच्या थोडं वर. पण खार्दुंग ला आणि चांग ला या दोन्ही ५,३०० मीटरच्या वरच्या खिंडींवर मेमध्ये बर्फ पडणं नित्याचं आहे. नुब्रा किंवा पँगाँगचा दिवस वाया जाण्याची शक्यता धरावी लागते. झाडांना जेमतेम पालवी, शेतं करडी. ज्यांना मेच्या सुट्टीशिवाय पर्याय नाही त्यांनी महिन्याचे शेवटचे आठ-दहा दिवस घ्यावेत, श्रीनगरने यावं, परत विमानाने जावं आणि एक दिवस पूर्ण राखीव ठेवावा.

जून चांगला. शेतं हिरवी, दिवस साडेचौदा तासांचा, आणि हेमिस गोम्पाचा (गोम्पा म्हणजे बौद्ध मठ) मुखवट्यांच्या नृत्यांचा उत्सव जून-जुलैत येतो (तारीख तिबेटी पंचांगावर, दरवर्षी बदलते). दोष एकच, गर्दी. जूनमध्ये खार्दुंग लावर गाड्यांची रांग लागते आणि लोक तिथे फोटोसाठी पाऊण तास थांबतात. पंधरा-वीस मिनिटांवर थांबू नका. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. आकडा कोणताही धरा, तिथे पोरं धावायला लागली की त्यांना धरून गाडीत बसवा.

सप्टेंबर का

ऑगस्ट संपताना पाऊस मागे हटतो आणि हवेतली धूळ-वाफ खाली बसते. पँगाँगचा निळा रंग स्वच्छ आकाश आणि तिरप्या उन्हात जास्त उठून दिसतो. वितळण कमी झाल्याने नाले शांत, रस्ते वर्षातल्या सर्वात चांगल्या अवस्थेत. लेहमध्ये दिवसा वीसच्या आसपास, पहाटे पाच-सहा अंश. गर्दी ओसरलेली, त्यामुळे टॅक्सी आणि खोल्या मनासारख्या मिळतात.

निम्मूजवळचा सिंधू-झंस्कार संगम हे सप्टेंबरचं उत्तम उदाहरण. जुलैत गेलात तर दोन्ही नद्या मातकट, कुठे कोण मिळतं ते कळतच नाही. गाईड बोट दाखवतो आणि आपण मान डोलावतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून गाळ बसायला लागतो, पाण्याला हिरवा-निळा रंग चढतो, आणि दोन रंगांमधली रेघ वरच्या रस्त्यावरून स्पष्ट दिसते. ऑक्टोबरात ती आणखी ठळक होते.

आजूबाजूच्या गावांत हा सुगीचा काळ. सातू कापून त्याच्या पेंढ्या शेतात उभ्या केलेल्या असतात, घरांच्या छपरांवर जनावरांसाठी सुकवलेलं गवत रचलेलं असतं. महिना संपताना वरच्या गावांतले पॉप्लर आणि विलो पिवळे पडू लागतात. हा पिवळा रंग डोंगरावरून खाली उतरत येतो: आधी उंच खेडी, मग लेह, ऑक्टोबरच्या मध्यात नुब्रा आणि शामकडची (लेहच्या पश्चिमेला सिंधूकाठची) सखल गावं. रंगासाठीच जायचं असेल तर ५ ते २० ऑक्टोबर धरा, मात्र विमानाने.

सप्टेंबरलाही एक खोट आहे. शेवटच्या आठवड्याच्या आसपास अवेळी बर्फ पडू शकतं. सप्टेंबर २०१८ मध्ये मनालीच्या वाटेवरच्या लाहौलमध्ये असंच बर्फ पडून शेकडो लोक अडकले होते. म्हणून २० तारखेनंतर मनालीने परतायचं असेल तर भारतीय हवामान विभागाच्या लेह केंद्राचा अंदाज आणि लडाख पोलिसांकडून रोज जाहीर होणारी रस्त्यांची स्थिती, दोन्ही पाहिल्याशिवाय लेह सोडू नका. आणि गणपती सप्टेंबरच्या मध्यात आले तर तारखा आधीच नीट जुळवा. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ ला आहे, म्हणजे ३ ते १२ सप्टेंबर हा तुकडा मोकळा मिळतो.

त्या नऊ दिवसांची मांडणी या कुटुंबासाठी अशी करावी. विमानाने आलात तर पहिले दोन दिवस लेह. तिसऱ्या दिवशी आलची-लिकिर-संगम; आलची ३,१०० मीटरवर, म्हणजे हा उतरण्याचा दिवस. चौथ्या दिवशी खार्दुंग लावरून नुब्रा, मुक्काम दिस्कित किंवा हुंदर. ही गावं लेहपेक्षा खाली आहेत, म्हणून इथे दोन रात्री झोपून शरीराला आराम मिळतो. मगच पँगाँग, आणि तिथे एकच रात्र, कारण ते सव्वाचार हजार मीटरच्या वर आहे. आईंना आधीच्या रात्री त्रास झाला असेल तर पँगाँगचा मुक्काम रद्द करून नुब्राहून थेट लेहला परत यावं. तलाव लेहहून एका दिवसात जाऊन-येऊनही पाहता येतो, फक्त दिवस दहा-बारा तासांचा होतो. सातवा दिवस हेमिस-ठिकसे, आठवा राखीव, नवव्या दिवशी परत. लेहहून पहिल्यांदाच थेट पँगाँगला नेणारी पॅकेजं पुष्कळ असतात. तो क्रम उलटा करून मागा.

उंचीचा त्रास पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून दुपारी 'मला काहीच होत नाहीये' याला अर्थ नसतो. रात्र जाऊ द्या. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं इथपर्यंत थांबणं, पाणी आणि विश्रांती पुरते. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकला, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा आणि लेहच्या सोनम नोरबू स्मारक रुग्णालयात न्या. हातातल्या छोट्या ऑक्सिजन डब्याने मिळणारा आराम काही मिनिटांचा असतो, तो उतरण्याला पर्याय नव्हे. मुलं त्रास शब्दांत सांगत नाहीत. चिडचिड आणि न जेवणं हीच त्यांची लक्षणं समजा. आईंचा रक्तदाब आणि हृदयाची तपासणी निघण्याआधी करा, आणि असेटाझोलामाइड (उंचीच्या त्रासासाठीची गोळी) घ्यायची की नाही, किती, हे डॉक्टरांनाच विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

एप्रिलबद्दल दोनच वाक्यं. शामकडची गावं, दाह-हनू आणि तुर्तुक या सखल भागात जर्दाळू फुलतो तेव्हा करड्या डोंगरांसमोर ते पांढरे-गुलाबी ताटवे पाहण्यासारखे असतात, पण फुलोरा एखादा आठवडाच टिकतो आणि तारीख दरवर्षी पुढे-मागे होते. ज्यांना विमानाचं तिकीट ऐनवेळी काढता येतं त्यांनीच हा नाद करावा.

हिवाळा: कोणासाठी आहे

डिसेंबर ते फेब्रुवारी लेह हे वेगळंच गाव असतं. आकाश बहुतेक दिवस निळं, कारण बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभही इथे येईपर्यंत थकलेले असतात; लेहच्या रस्त्यावर बर्फाचे ढीग फारसे नसतात. दिवसा उन्हात बसलं तर सुखाचं, सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात बोटं बधिर. लोक या काळात तीन गोष्टींसाठी येतात: हिमबिबट्या (जानेवारी ते मार्च, भक्ष्याच्या मागे तो खाली येतो आणि तो जोडीचाही काळ असतो), गोठलेल्या झंस्कारवरून चालण्याची चादर (मध्य जानेवारी ते फेब्रुवारी, आधी लेहमध्ये मुक्काम आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची), आणि गोम्पांचे हिवाळी उत्सव. स्पितुक, स्तोक, माथो या गोम्पांचे उत्सव हिवाळ्यातच होतात आणि प्रेक्षकांत पर्यटकांपेक्षा गावकरीच जास्त असतात.

पण तयारीशिवाय हे जमत नाही. बहुतेक हॉटेलं नोव्हेंबर ते मार्च बंद. जी चालू असतात तिथे पाइप फुटू नयेत म्हणून ते रिकामे करून ठेवतात. गरम पाणी बादलीने मिळतं. खोली घेताना 'हीटर आहे का' एवढंच विचारू नका. पाणी कसं मिळतं, खोली गरम कशाने होते, आणि वीज गेली तर काय, हे तिन्ही विचारा. बुखारीचं (खोली गरम करायच्या लोखंडी शेगडीचं) धुराडं बाहेर काढलेलं हवं. बंद खोलीत गॅस किंवा रॉकेलची शेगडी पेटती ठेवून झोपणं जीवघेणं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने येणारी डोकेदुखी उंचीची समजून लोक दुर्लक्ष करतात. स्वतःची डिझेल गाडी खालून आणत असाल तर टाकीत मैदानी डिझेल घेऊन चढू नका, ते थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल दिलं आहे. टाकी रिकामी होत आणून तेच भरा. मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाशी. आणि फोनचा विषय निघालाच आहे तर: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड चालतं. हे बाराही महिने लागू.

नऊ वर्षांचं मूल आणि पासष्टीची आई यांना हिवाळ्यात नेऊ नका.

दिवाळी

दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याला आली तर पिवळ्या झाडांसाठी ती उत्तम. विमानाने जा, लेह-नुब्रा-शाम एवढंच ठेवा, पँगाँगचा मुक्काम टाळून दिवसाची फेरी करा, कारण तिथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि बहुतेक तंबू आवरलेले असतात. पण दिवाळी नोव्हेंबरात गेली, जशी २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तर तो लडाखचा सर्वात मधला, ना इकडचा ना तिकडचा काळ: पानं गळलेली, बर्फ नाही, तलाव गोठलेला नाही, हॉटेलं बंद होत आलेली. त्या वर्षी लेहचा बेत जूनवर ढकला.

परतीचं तिकीट काढताना एक गोष्ट कोणत्याही महिन्यात पाळा. लेहहून सकाळचं विमान आणि त्याच दिवशी दिल्लीहून पुढचं वेगळ्या आरक्षणावरचं विमान, अशी साखळी बांधू नका. लेहचं उड्डाण रद्द झालं की दुसरं सहसा दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळतं, आणि पुढचं तिकीट बुडतं. दोन्ही एकाच आरक्षणावर घ्या, नाहीतर दिल्लीत एक रात्र ठेवा.